मधल्या नावाचा रकाना

मराठी माणसाला बाळाचं मधलं नाव निवडावं लागत नाही. पहिल्या नावासाठी मात्र महिनाभर घर डोक्यावर घेतलं जातं. नावांची पुस्तकं येतात, नातेवाइकांच्या ग्रुपवर याद्या येतात, नक्षत्रावरून अक्षर येतं, आत्याचा मान असतो आणि मामाचा हट्ट असतो. आडनाव तर बाळाच्या जन्माआधीपासून दारावरच्या पाटीवर असतं. राहिली मधली जागा. तिथे बापाचं नाव. विषय संपला.

त्यामुळे आपल्याकडची जुळवाजुळव उलट्या बाजूने चालते. इंग्लंड-अमेरिकेत आईबाप पहिल्या नावाला शोभेलसं मधलं नाव शोधतात. आपण मधल्या नावाला शोभेलसं पहिलं नाव शोधतो. बाप पांडुरंग असेल तर मुलाला 'कियान' म्हणताना जीभ जरा अडखळते. (लोक ठेवतात, आणि दोन वर्षांत कानाला सवयही होते, तो भाग वेगळा.) परीक्षा ठरलेली आहे. बक्षीस समारंभात माइकवरून पुकारल्यासारखं पूर्ण नाव एकदा मोठ्याने म्हणायचं. मग आद्याक्षरं जोडून बघायची, काही भलतंच तयार होत नाही ना! मग हजेरी घेताना बाई कसं म्हणतील आणि मागच्या बाकावरची पोरं त्याचं काय करतील, याचा विचार. एवढं झालं की नाव पास.

आमच्या घरी मात्र हा विषय इतक्या लवकर संपला नाही. मुलीचा जन्म १ मे २०२४ नंतरचा आहे, आणि त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नावाचा साचाच बदलला आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधल्या एका खोलीत आता दोन माणसं. आजोबांचा पहिला प्रश्न, "एवढं लांबलचक नाव हॉल तिकिटावर मावेल का?" आजीचा प्रश्न जास्त अवघड होता: "असं आधी कधी होतं का रे?"

ह्या एका प्रश्नापायी दोन-तीन वीकेंड मधल्या नावाच्या इतिहासात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, दिवसभर डेटाबेसची टेबलं बघणारा माणूस आहे, त्यामुळे उपमा त्याच येणार. सांभाळून घ्या.

आधी साहेबाची गोष्ट थोडक्यात, कारण 'मिडल नेम' हा शब्द आपण तिकडून घेतला आणि आत वस्तू मात्र आपली घातली. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये मधलं नाव ही तशी अलीकडची चैन आहे. अमेरिकेच्या पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांना (वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो) मधलं नाव नव्हतंच. सहावे जॉन क्विन्सी ॲडम्स, त्यांना ते आईकडच्या पणजोबांवरून मिळालं. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत तिकडे घरोघर पसरली आणि मग गमतीही सुरू झाल्या. युलिसिस ग्रँटचं खरं नाव हायरम युलिसिस ग्रँट. १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीसाठी त्याचं नाव सुचवणाऱ्या खासदाराने कागदावर 'युलिसिस एस. ग्रँट' लिहिलं, आणि तो 'एस' आयुष्यभर चिकटला. हॅरी एस. ट्रूमनच्या 'एस'चा तर काहीच लाँगफॉर्म नाही. एका आजोबांच्या नावात 'शिप' होतं, दुसऱ्यांचं नाव 'सॉलोमन'. दोघांनाही खूश ठेवायला नुसतं अक्षर ठेवलं. आमच्या एका अमेरिकन क्लायंटच्या टेबलात मधल्या नावाला एकाच अक्षराची जागा होती, ती का, हे ट्रूमनसाहेबांमुळे कळलं. तिकडे ती जागा शोभेची. रिकामी राहिली तरी कुणाचं काही अडत नाही.

आपल्याकडे ती जागा रिकामी राहिली तर काय होतं, याची सगळ्यात जुनी गोष्ट छांदोग्य उपनिषदात आहे. सत्यकाम नावाच्या मुलाला गुरूकडे शिकायला जायचं होतं. ॲडमिशनच्या वेळी गोत्र विचारणार, म्हणजे फॉर्ममधला लाल चांदणीवाला रकाना. त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, तरुणपणी अनेक घरी राबले, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. माझं नाव जबाला, तू सत्यकाम जाबाल असं सांग. त्याने गुरूला हेच जसंच्या तसं सांगितलं, आणि हारिद्रुमत गौतमाने त्याला त्याच्या खरेपणावर प्रवेश दिला. ही गोष्ट आपण सत्याचा महिमा म्हणून ऐकतो. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. आईचं स्वतःचं नाव त्या रकान्यात आलं, पण बापाकडचं काही सांगता येत नव्हतं म्हणून. महाभारतातला कर्णही तसाच. 'राधेय' म्हटलं तर एक माणूस, 'कौंतेय' म्हटलं तर दुसरा. पहिलं नाव तेच. पुढचा शब्द बदलला की राज्यावरचा हक्क बदलतो.

पोथीतून दगडावर येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. तिचा मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र: सातवाहन राजे आपल्या नावाआधी आई लावतात. हे वाचून "बघा, दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात मातृसत्ता होती" असं म्हणण्याचा मोह होतो. पण दोन गोष्टी आड येतात. एक, राज्य बापाकडून मुलाकडेच जात होतं. दोन, 'गौतमी' हे त्या बाईंचं नाव नाहीच, ते गोत्रावरून आलेलं आहे. त्यांचं नाव बलश्री. म्हणजे गौतमीपुत्र या बिरुदात आईचं कूळ आहे, आई स्वतः नाही. ती स्वतः कोण होती हे कळतं ते तिने कोरून ठेवलेल्या लेखामुळे.

मग हे बिरुद लावायचंच कशाला? याचं उत्तर कुठलाही प्रोग्रॅमर देईल. सातकर्णी नावाचे राजे एकापेक्षा जास्त आहेत. नाणेघाटात ज्याचा उल्लेख आहे तो पहिला सातकर्णी वेगळा, गौतमीपुत्र सातकर्णी वेगळा, कान्हेरीच्या लेखातला वासिष्ठीपुत्र सातकर्णी आणखी वेगळा. पहिलं नाव 'युनिक' नाही, म्हणून दुसरा कॉलम लागतो. मधल्या नावाचं मूळ काम हेच आहे. "कोण?" याचं उत्तर पहिलं नाव देतं, तेवढ्याने भागलं नाही की पुढचा प्रश्न येतो, "कुणाचा?" त्या "कुणाचा"ला कुठलं नातं चालतं, हे मात्र काळ ठरवतो.

शिवकाळात येईपर्यंत ते नातं पक्कं बापाचं झालेलं दिसतं. महाराजांची राजमुद्रासुद्धा शिवाजीची ओळख शहाजीचा पुत्र अशीच करून देते. दरबारातली नावं बघा: अण्णाजी दत्तो, मोरो त्र्यंबक, निळो सोनदेव. शाळेत असताना मला 'दत्तो' हे आडनाव वाटायचं. ते वडिलांचं नाव. आणि निळो सोनदेवांचा मुलगा कोण? रामचंद्र नीळकंठ, म्हणजे आज्ञापत्र लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य. 'निळो' हे नीळकंठचंच लहान रूप. सोनोपंतांचा निळो, निळोचा रामचंद्र. ज्यांनी डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर दिलाय त्यांनी ओळखलं असेल, ही सरळ लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येक नोडमध्ये मागच्या नोडचा पत्ता. आडनावाची फारशी गरजच नाही.

पेशव्यांत तर ही यादी अशी चोख आहे की परीक्षेत विचारावी. बाळाजी विश्वनाथ, मग बाजीराव बल्लाळ, मग बाळाजी बाजीराव, मग माधवराव बल्लाळ. ('बल्लाळ' हे बाळाजीचंच रूप.) घराण्यातलीच नावं पुन्हा ठेवण्याच्या पद्धतीमुळे तीच तीच नावं फिरून येतात: दोन बाळाजी, दोन माधवराव, दोन बाजीराव. आडनाव सगळ्यांचं भट, पण "बाजीराव भट" असं कोण म्हणतो? फरक कळतो तो मधल्या नावाने. बाजीराव बल्लाळ म्हणजे पालखेडची मोहीम काढणारे. बाजीराव रघुनाथ म्हणजे १८१८ मध्ये ज्यांच्या हातून राज्य गेलं ते. एक कॉलम उडवलात तर अख्खा इतिहास गोंधळेल.

आणि त्या एका कॉलमवर राज्यही टिकतं. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरवर मुलगा झाला आणि नाना फडणवीस प्रभृती बारभाईंनी त्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळवून दिली. त्या बाळाकडे काय होतं? फौज नाही, पैसा नाही, बोलताही येत नव्हतं. त्याच्याकडे एक मधलं नाव होतं. माधवराव नारायण. रघुनाथरावांच्या विरोधात उभं राहिलेलं सगळं राजकारण त्या 'नारायण'वर उभं होतं.

हे झालं मुत्सद्द्यांचं. गावातल्या माणसाचं काय? जुन्या वतनपत्रांत आणि महजरांत "अमुक बिन तमुक पाटील, मोकदम मौजे अमुक" अशी नोंद भेटते. 'बिन' हा अरबी शब्द, अर्थ 'चा मुलगा'. तसाच 'वलद'. सुलतानी कारभारातून हे शब्द मराठी दप्तरात आले आणि असे मुरले की तीनशे वर्षं कुणाला परके वाटले नाहीत. बाईची नोंद असेल तर 'कोम': अमकी कोम तमका, म्हणजे तमक्याची बायको. जमिनीच्या जुन्या फेरफारांत हे शब्द अजून सापडतात. पुढे बिन आणि कोम दोन्ही गळाले. पण त्यांनी दाखवलेलं नातं मधल्या रकान्यात तसंच बसून राहिलं: पुरुषाच्या पुढे बाप, लग्न झालेल्या बाईच्या पुढे नवरा.

इंग्रजी अमलात शाळा, कोर्ट, सरकारी नोकरी आणि १८५७ पासून मुंबई विद्यापीठ यांच्या रजिस्टरांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा तीन शब्दांचा साचा घट्ट केला. एकट्या पुण्याशी जोडलेले गोपाळ मोजा: गोपाळ हरी देशमुख, गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले. ही पद्धत एका जातीची किंवा धर्माची राहिली नाही. जोतीराव गोविंदराव फुले, हमीद उमर दलवाई, सगळे त्याच साच्यात.

मग आद्याक्षरांचा काळ आला आणि मराठी साहित्यात बापाला कायमची जागा मिळाली. 'पुलं' म्हणताना आपण अर्धं नाव त्यांच्या वडिलांचं घेतो: पुरुषोत्तम लक्ष्मण. 'वपु'मधला 'पु' म्हणजे चित्रकार पुरुषोत्तम काळे. (मुलाने त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं, 'वपु सांगे वडिलांची कीर्ती'.) 'गदिमा'मधला 'दि' म्हणजे दिगंबर. मराठी वाचक गेली कित्येक दशकं लेखकांच्या वडिलांना लाडाने हाक मारतोय आणि त्याला ते माहीतही नाही :) लेखिकांची आद्याक्षरं मात्र सहसा आठवत नाहीत. इरावती कर्वे, दुर्गा भागवत, शांता शेळके, इंदिरा संत. मधलं नाव गळालेलं.

ह्या आद्याक्षरांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम खांडेकर. दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, जन्माने गजानन रंगनाथ. काका वामन शिरवाडकरांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. ज्ञानपीठ मिळालेल्या पहिल्या दोन मराठी लेखकांची मधली नावं अशी दत्तकविधानातून आलेली आहेत. म्हणजे मधलं नाव रक्ताचं नातं सांगतं असंही नाही. कागदावर तुम्ही कुणाचे वारस, ते सांगतं. वारस बदलला की रकाना बदलतो, वेळ पडल्यास पहिलं नावसुद्धा.

ह्याच्या उलट उदाहरण बाबासाहेबांचं. घराण्याचं आडनाव सकपाळ, गावावरून आंबडवेकर, पुढे आंबेडकर. आडनाव बदलत गेलं, मधलं 'रामजी' हललं नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, त्यांचा मुलगा भीमराव रामजी. मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आपल्या कागदपत्रांत बाबासाहेबांचं नाव 'भीमराव रामजी आंबेडकर' असं पूर्ण लिहायचा आदेश काढला. तेव्हाचे तिथले राज्यपाल राम नाईक मराठी, त्यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. तिकडे यावर मोठा वाद झाला. 'राम' घुसवला असा आरोप झाला. राजकारण असेल-नसेल. पण मराठी वाचकाला त्या नावात राम आधी दिसत नाही, वडील दिसतात. तीच तीन अक्षरं, पण मधला रकाना वाचण्याची सवय नसली की अर्थच बदलतो.

आता आजीच्या प्रश्नाकडे, म्हणजे बायकांकडे.

पुरुषाचा मधला रकाना एकदा भरला की दत्तकासारखा अपवाद सोडता कायमचा. बाईचा तात्पुरता. लग्नापर्यंत बाप, लग्नानंतर नवरा. आणि बऱ्याच घरांत पहिलं नावही. कल्याणची यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊनही आज आपण तिला 'आनंदी गोपाळ' या नावानेच ओळखतो. कुर्लेकरांची यमुना लग्नानंतर रमाबाई रानडे झाली. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, पेढे वाटायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर तीनही कॉलम ओव्हरराइट, बॅकअप न घेता. यातली एक गंमत मला आत्ता कळली. जुन्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची नाही, म्हणून तर उखाणा. पण जे नाव उच्चारायचं नाही, तेच सही करताना स्वतःच्या नावाच्या मधोमध लिहायचं!

माझ्या आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि आत्ताचं पूर्ण नाव यांत एकही शब्द समान नाही. आजोबा (आईचे वडील) गेल्यावर जमिनीच्या वारसनोंदीसाठी कागद गोळा करायला लागलो तेव्हा एका कार्यालयात तिला विचारलं गेलं, "शाळेच्या दाखल्यावरच्या त्या बाई कोण?" त्या बाई म्हणजे तीच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र झालं, साक्षीदार झाले, पस्तीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका माळ्यावरून शोधून काढली. ती हळद लागलेली पत्रिका हा तिच्या दोन आयुष्यांना जोडणारा एकमेव कागद होता. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "बाबांचं नाव इतक्या वर्षांनी लिहिलं." मला वाटतं तिने विचारलेला "आधी कधी होतं का रे" हा प्रश्न तिथून आलाय.

आईचं नाव कागदावर यायला सुरुवात तशी आधीच झाली होती. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ते आहे, पण वेगळ्या ओळीत, माझ्या नावाच्या बाहेर. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टच्या नियमांत आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं. डिसेंबर २०१८ पासून एकट्या आईच्या मुलांना पॅन कार्डसाठी वडिलांचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. आणि ११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आईचं नाव थेट नावाच्या आत आणलं. शाळेचा प्रवेश, परीक्षांचे अर्ज, मिळकतीची कागदपत्रं, सरकारी नोकरीतलं सेवापुस्तक, सगळीकडे. अनाथ मुलांना यातून सूट आहे. तेव्हाच्या मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या दालनांवर नव्या पाट्याही लागल्या: एकनाथ गंगूबाई संभाजी शिंदे, देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस, अजित आशाताई अनंतराव पवार. सिनेमावाल्यांना याचं नवल नव्हतं. संजय लीला भन्साळी हे नाव आपण कधीपासून पडद्यावर वाचतोय.

तर आजीला उत्तर असं: आईचं नाव आधीही होतं, पण असं नव्हतं. सातवाहनांकडे आईचं कूळ होतं, तिचं स्वतःचं नाव नव्हतं. जबालेचं स्वतःचं नाव होतं, पण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून. लोकांनी पुढेही आईचं नाव लावणाऱ्याकडे त्याच नजरेने पाहिलं, की बापाचं काहीतरी गौडबंगाल असणार. बाप हजर असताना, त्याच्या नावाच्या आधी, आईचं स्वतःचं पाळण्यातलं किंवा बदललेलं नाव, आणि तेही अपवाद म्हणून नाही तर नियम म्हणून, हे नवीन आहे.

याचा टेक्निकल परिणाम मला फार आवडला. आतापर्यंत प्रत्येक नोडमध्ये एकच पॉइंटर होता, म्हणून आपला इतिहास लिंक्ड लिस्ट होता. आता दोन पॉइंटर झाले, म्हणजे ते झाड झालं. माझ्या मुलीच्या नावावरून तिच्या आईपर्यंत एका उडीत जाता येतं. पण तिथून पुढे रस्ता बंद आहे. बायकोने लग्नानंतर नाव बदललेलं नाही, तरी तिच्या मधल्या रकान्यात तिचे वडीलच आहेत. "माझं नाव आत आलं, पण माझ्या आईचं कुठाय?" असं ती म्हणाली ते यामुळेच. आईची आई कागदावरच्या नावांतून सापडत नाही. २०२४ नंतर जन्मलेल्या मुली या पहिल्या असतील ज्यांच्या मुलीला आई, मग आजी, अशी बायकांची साखळी नुसत्या नावांवरून चढत जाता येईल.

जर साखळी मध्येच तुटली नाही तर. कारण त्याच निर्णयात विवाहित स्त्रियांसाठी जुनी पद्धत कायम ठेवलेली आहे: स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावायची मुभा दिली आहे, ती आईसारख्यांना उपयोगी पडेल. पण रूढी तीच. मुलाच्या नावातली आई कायम राहणार. मुलीच्या नावातली आई, आणि तिच्याबरोबर बापही, एका तांदळाच्या ताटाने पुसला जाऊ शकतो. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मुलींनी आणि त्यांच्या सासरच्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

नाव ठेवण्याच्या बाबतीत मात्र काम दुपटीने वाढलंय. आता पहिलं नाव दोन नावांशी जुळायला हवं, आणि माइकवर चार शब्द एका दमात म्हणता यायला हवेत. आमच्याकडे वीस-बावीस नावं या चाचणीत पडली. 'अपराजिता' सगळ्यांना आवडलं होतं, पण पुढचे तीन शब्द येईपर्यंत आजोबांचा श्वास संपला. शेवटी दोन अक्षरी नावावर एकमत झालं. तुमच्याकडे येत्या महिन्यात बारसं असेल तर माझा सल्ला एवढाच: पूर्ण नाव, चारही शब्द, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडून तीनदा म्हणवून घ्या.

ही मुलं २०४० च्या आसपास दहावीला बसतील. हॉल तिकिटावर चार शब्द मावतील, त्याची काळजी नाही. टेबलात कॉलम वाढवणं हे आमचं पोटापाण्याचं कामच आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म त्यांच्यापुढे येईल. त्यात 'लग्नानंतरचे नाव' या रकान्यात ती काय लिहितात, हे बघायचंय.